पाकोळीचे खरे नातलग

सायंकाळी जुन्या वेशीच्या कमानीभोवती चिरकत घिरट्या घालणारी पाकोळी आणि विजेच्या तारेवर रांगेने बसणारी भिंगरी, या दोघींना आपण बहुधा एकच समजतो. निमुळते पंख, हवेतच कीटक टिपण्याची रीत, सारेच मिळतेजुळते. कार्ल लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञानेही १७५८ साली दोघींची नोंद 'हिरुंडो' या एकाच नावाखाली केली होती. पुढे १७७७ मध्ये स्कोपोली यांनी पाकोळीला 'एपस' हे स्वतंत्र नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'पाय नसलेला'.

हिशेब ठेवणाऱ्या वाचकांस हा प्रकार नवा नाही. रक्कम बरोबर असली, पण ती भलत्याच खाती पडली, तरी तेरीज जुळते. मात्र त्यावरून व्यवहाराचे खरे स्वरूप उमगत नाही. प्राण्यांच्या वर्गीकरणातही केवळ बाह्य रूप पाहून केलेली नोंद अशीच फसवी ठरते.

मग पाकोळीचे खाते कोणते? तिची सर्वांत जवळची आप्त म्हणजे झाडांच्या फांद्यांवर बसणारी तुरेवाली पाकोळी आणि तिच्या भगिनी. त्यानंतरचे नाते मात्र आश्चर्यकारक आहे. ते आहे अमेरिका खंडांतील हमिंगबर्डशी! एक कीटक टिपत आकाशात फिरणारी, दुसरा फुलासमोर स्थिर राहून मध पिणारा. तरीही दोघांच्या पंखाची रचना एकाच घराण्याची आहे: दंडाचे हाड आखूड व मजबूत, हाताचा भाग लांब. जनुकांच्या अभ्यासानेही हेच नाते पक्के केले आहे.

आपल्या बागेत जास्वंदीवर येणाऱ्या चिमुकल्या शिंजीराला अनेक जण कौतुकाने हमिंगबर्ड म्हणतात. पण हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती आज केवळ अमेरिका खंडांत आढळतात. शिंजीर हा चिमणी-कावळ्यांच्या विशाल गणातला आहे. मध पिण्याचा व्यवसाय एक, म्हणून कूळ एक होत नाही. तथापि हमिंगबर्डचे पूर्वज कायम अमेरिकेतच होते असेही नाही. जर्मनीत सापडलेले त्यांच्या कुळातील सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म २००४ साली जगापुढे आले.

पुढची पायरी रातव्याची. ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीत घुबडासारखा दिसणारा एक छोटा निशाचर पक्षी आहे. पूर्वी त्याची गणना रातव्यांत होई. आता तो पाकोळी-हमिंगबर्ड शाखेच्या सर्वांत निकट मानला जातो. त्यामुळे काही याद्यांत रातव्यांपासून हमिंगबर्डपर्यंत सर्वांचा एकच मोठा गण केला जातो, तर काहींत त्यांचे निरनिराळे गण ठेवले जातात. नात्यांविषयी बरेच एकमत आहे. भिंती कोठे घालाव्यात, एवढाच मतभेद.

या चर्चेचा आपल्या दारापर्यंत येणारा एक अर्थ आहे. भिंगरीची तीन बोटे पुढे व एक मागे असल्याने ती तारेवर सुखाने विसावते. पाकोळीचे इवले पाय तार धरण्याजोगे नाहीत. ते उभ्या खडबडीत पृष्ठभागाला लटकण्यासाठी आहेत. युरोपातील पाकोळी तर, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश संशोधनानुसार, वर्षाचे दहा महिने जवळजवळ अखंड हवेत राहते. जमिनीला टेकायचे ते केवळ घरट्यासाठी.

आपल्याकडील पाकोळ्या पिसे व काड्या लाळेने चिकटवून कमानीखाली, जुन्या वास्तूंच्या छताला घरटी करतात. म्हणून वाड्याची वा पेढीची डागडुजी काढताना, रंगाऱ्याने बांबू लावण्यापूर्वी, छताकडे एकदा पाहावे. घरट्यात अंडी वा पिल्ले दिसल्यास ती उडेपर्यंत तेवढा कोपरा राहू द्यावा. भिंगरीप्रमाणे ही तारेवर जाऊन बसेल, असे समजू नये. तिचे खाते निराळे आहे.