विश्लेषण : कन्हानच्या पुराचा अंदाज सर्वांनी मिळून का तपासावा?

ऑगस्ट 2020च्या अखेरीस मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात मुसळधार पाऊस झाला. पेंचवरील धरणांतून पाणी सोडावे लागले आणि कन्हानचा पूर कामठी, पारशिवनी, मौदा तालुक्यांतील गावांत शिरला. त्यानंतर दोन राज्यांतील समन्वयावर प्रश्न विचारले गेले. खरे तर फोन आणि मेसेज तेव्हाही होते. आजही उणीव आहे ती एकमेकांचे अंदाज तपासून पाहण्याच्या जागेची.

कामठीसाठी अंदाज अवघड का?

सातपुड्यातून येणाऱ्या कन्हानला कामठीच्या वर बिना संगमावर पेंच आणि कोलार या नद्या मिळतात. पेंचचे पाणी तर चौराई, तोतलाडोह आणि नवेगाव खैरी अशा तीन धरणांतून येते. तोतलाडोहला 14, तर नवेगाव खैरीला 16 दरवाजे आहेत. अभियंता जलाशयाची पातळी पाहतो, हवामान विभाग ढग पाहतो आणि तहसील कार्यालय गावे. प्रत्येकाच्या मनात काही अंदाज असतो, पण कागदावर उतरते ते एकच वाक्य : ‘नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे.’

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

अमेरिकेच्या ‘सीआयए’तील रिचर्ड्स ह्यूअर यांनी गुप्तचर विश्लेषकांसाठी सत्तरच्या दशकात एक पद्धत बसवली. पुढे तिची सॉफ्टवेअरे आली, अनेकांना मिळून वापरता येतील अशीही. पद्धत साधी आहे. तक्त्यात वर शक्यता लिहायच्या आणि डाव्या बाजूला पुरावे.

समजा, आज रात्री कामठीत तीन शक्यता आहेत : पाणी पात्रातच राहील, काठच्या वस्तीत शिरेल किंवा रस्तेही बंद होतील. ‘तोतलाडोह भरले आहे’ ही नोंद तिन्ही शक्यतांशी जुळते. तिने धास्ती वाढते, निवड होत नाही. ‘छिंदवाड्यातला पाऊस दुपारीच थांबला’ ही नोंद मात्र तिसरी शक्यता कमजोर करते. म्हणजे आपल्या मताला दुजोरा शोधायचा नाही, ते खोडून काढणारा पुरावा शोधायचा.

हा तक्ता प्रत्येकाने आधी स्वतंत्रपणे भरायचा आणि मगच इतरांचा पाहायचा. जिथे मते जुळत नाहीत, तिथेच पुढचा फोन लावायचा.

व्हॉट्सॲप ग्रुप पुरेसा नाही का?

नाही. ग्रुपवर शेवटचा मेसेज दिसतो, आधीचा अंदाज वर सरकून हरवतो. शिवाय साहेबांनी मत लिहिले की खाली ‘जी सर’ची रांग लागते. ज्या कनिष्ठ अभियंत्याला वेगळे वाटत असते, तो गप्प बसतो. नेमके त्याचेच म्हणणे त्या रात्री मोलाचे असू शकते.

अंदाज चुकला तर?

अंदाज आकड्यात लिहिला तरच तो चुकला की नाही हे कळते. हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी 1950 मध्ये त्यासाठी गुणांची रीत मांडली. 80 टक्के शक्यता सांगितली आणि पाणी आले, तर चूक 0.04. आले नाही, तर 0.64. एका पुरावरून कुणाची पारख होत नाही. हंगामभराच्या नोंदींवरून होते.

इथेच खरी अडचण आहे. लिहिलेला आकडा उद्या चौकशीत आपल्याच गळ्यात येईल, या भीतीने कुणी आकडा लिहीत नाही. म्हणून या नोंदी सुधारणेसाठीच वापरल्या जातील, कारवाईसाठी नाही, असा लेखी आदेश आधी हवा. दरवाजे उघडण्याचा निर्णय आणि त्याची जबाबदारी आजच्याप्रमाणे अभियंत्याकडेच राहील. पातळीची नोंदच चुकीची असेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर तारणार नाही, हेही तितकेच खरे.

सुरुवात कुठून करावी?

महागडी यंत्रणा नको. दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना एकाच वेळी उघडता येईल असा एक ऑनलाइन तक्ता पावसाळ्यापूर्वी तयार करावा आणि जुन्या पुराच्या नोंदींवर त्याचा सराव घ्यावा.

नदीकाठच्या माणसाला विश्लेषणाशी देणेघेणे नाही. पाणी येणार का आणि किती वाजता, एवढेच त्याला हवे असते. ‘सतर्क राहा’ या सूचनेवर तो काहीच करू शकत नाही. ‘पहाटे चारपर्यंत पाणी येण्याची शक्यता 70 टक्के’ असे सांगितले, तर तो संध्याकाळीच म्हशी सोडून उंचावर नेईल.