दही खा, पण गोळी का बंद?

दही-ताक सुरू केले की मधुमेह पळतो, असा प्रचार हल्ली इतका जोरात आहे की मेटफॉर्मिनची गोळी बंद करून ताकावर राहिलेली माणसे आम्हाला वस्त्यावस्त्यांतून भेटतात.

यात खरे किती? टाइप 2 मधुमेहात शरीरात एक मंद दाह सतत धुमसत असतो. जखमेसारखा तो दिसत नाही, दुखत नाही. पोटाच्या चरबीतून दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सुटतात आणि इन्सुलिनचे काम अडवतात. सीआरपी या प्रथिनाच्या तपासणीतून त्याचा अंदाज येतो. विरजणातले जिवाणू आतड्याचे अस्तर सांभाळतात, म्हणून दाह पेटवणारे घटक रक्तात कमी उतरतात, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. काही प्रयोगांत आंबवलेले दूध घेणाऱ्या मधुमेहींचा सीआरपी थोडा उतरलाही. पण हे प्रयोग थोड्या माणसांवरचे, काही आठवड्यांचे. साखर कुठे उतरली, कुठे नाही. एवढ्या पुराव्यावर कोणतेही न्यायालय निकाल देणार नाही.

बाजार मात्र देतो! मार्च 2024 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक दावा छापण्यास हरकत घेणार नाही असे कळवले: आठवड्याला किमान 2 कप दही खाल्ल्यास टाइप 2 मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो. पुरावा मर्यादित आहे, हेही सोबत लिहायचे. अर्ज कोणाचा होता? दही विकणाऱ्या कंपनीचा. शिवाय दावा मधुमेह होऊ नये यासाठीचा, झालेला बरा होण्याचा नव्हे. आपल्याकडे पोचेपर्यंत अट गळून पडते, दावा तेवढा उरतो.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. एवढे गिऱ्हाईक कोण सोडील? जिवाणूंच्या नावाने खपणाऱ्या कित्येक गोड बाटल्यांत साखर असते, पण ती छापलेली मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. (श्रीखंडही दह्याचेच; म्हणून ते मधुमेह्याला कोणी पथ्य म्हणून वाढत नाही.) अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 53 खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. त्यासाठी वकील लागत नाही. बाटली, बिल, जाहिरात जपून ठेवा, अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे अर्ज द्या, पोच घ्या.

घरचे बिनसाखरेचे दही जरूर खावे. ताकात मीठ बेताचे, कारण रक्तदाब बहुधा सोबत असतोच. गोळी मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबवू नये. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी सरकारी दवाखान्यात मागावी; नाही म्हणाले, तर नकार लेखी मागावा.