नवी नोंद म्हणजे नवा किडा नव्हे

अमुक एक वनवासी भुंगेरा आपल्या जिल्ह्यांत प्रथमच आढळला, असें वृत्त वाचलें कीं कित्येक शेतकरी बंधूंस दोन शंका येतात: ही नवी पीडा कोठून आली, आणि हिच्यावर औषध कोणतें? आमच्या मतें दोन्ही प्रश्न घाईचे आहेत. भुंगेरा बहुधा पूर्वापार येथेंच होता. पाहणारा मात्र नवा आला.

याचा दाखला खानदेशांतच आहे, मात्र तो किड्याचा नसून पक्ष्याचा आहे. रानपिंगळ्याचें शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनीं १८७३ सालीं केलें. १८८४ नंतर तो कोणास दिसला नाहीं, तेव्हां पुष्कळांनीं तो नामशेष झाला असें धरलें. माइनर्ट्झहागेन नांवाच्या गृहस्थानें, १९१४ सालीं गुजरातेंत मांडवीजवळ मिळाला अशी चिठ्ठी लावून एक नमुना दाखविला होता. तो जुन्या संग्रहांतून चोरलेला व चिठ्ठी खोटी निघाली. पामेला रासमुसेन व त्यांचे सोबती खऱ्या चिठ्ठ्यांवरील जुनीं ठिकाणें शोधीत १९९७ च्या नोव्हेंबरांत शहाद्याकडे आले, आणि पक्षी दिसला! शहादें तेव्हां धुळें जिल्ह्यांत होतें. पुढें यावलच्या रानांतहि तो आढळला. डोळ्यांत भरणाऱ्या पक्ष्याची ही कथा, मग तांदळाएवढ्या भुंगेऱ्याची काय?

प्रत्येक भुंगेरा शत्रू नव्हे. पहिल्या पावसानंतर सायंकाळीं बाभळी-निंबांवर जमणारे हुमणीचे भुंगेरे फांद्या हालवून पाडावे व अवश्य मारावे. त्यांच्या अळ्या उंसाचीं, भुईमुगाचीं मुळें खातात. परंतु शेण जमिनींत पुरणारा शेणकिडा हा बिनपगारी गडी आहे. ऑस्ट्रेलियांतील देशी किड्यांस गाईगुरांचें शेण उरकेना, म्हणून त्या देशास १९६० नंतरच्या दशकांत ते परदेशांतून आणावे लागले. आपणांकडे ते आयते आहेत, आणि आपण सरसकट विष फवारतों.

सातपुड्याच्या पायथ्याशीं ज्यांचीं शेतें आहेत त्यांनीं अनोळखी भुंगेरा मिळाल्यास वाळवून, डांबरगोळीसह काड्यापेटींत ठेवावा. टांचणी टोचणें झाल्यास उजव्या पंखकवचांतून टोचावी. मुख्य गोष्ट चिठ्ठी: गांव, तारीख, झाड व धरणाराचें नांव. चिठ्ठीवांचून किडा म्हणजे गट क्रमांकावांचून सात-बाराचा उतारा. नमुना धुळ्याच्या कृषि महाविद्यालयांत दाखवावा. मात्र यावल अभयारण्यांतून वनखात्याच्या परवानगीवांचून कांहींहि उचलूं नये. बांधावर सांपडतें आणि रात्रीं ओटीवरच्या दिव्यापाशीं येतें, तेंच आधीं जमवावें.