खानेसुमारीचा कागद

१९३८ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या २२ तारखेस इटलीतील मुसोलिनीच्या फॅसिस्ट सरकारने एक खानेसुमारी केली. आपल्या राज्यात ज्यू किती आहेत, कोठे राहतात, कोणता व्यवसाय करतात, त्यांचे आईबाप कोण, एवढेच तीत विचारलेले होते. कोणाचे दार फोडले गेले नाही, कोणाच्या अंगावर हात पडला नाही. आणि ज्यांच्या पूर्वजांनी दोन हजार वर्षे त्या भूमीत वास्तव्य केले होते, ज्यांच्यापैकी कित्येकांनी पहिल्या महायुद्धात इटलीसाठी रक्त सांडले होते, त्यांनी, दारी आलेल्या सरकारी माणसाला सद्गृहस्थाने जशी द्यावी तशी, ती माहिती दिली. नागरिक असलेल्या ज्यूंची संख्या सुमारे ४७ हजार भरली. नोंदवह्या तयार झाल्या, दफ्तरे बांधली गेली, आणि पुढच्या तीन महिन्यांत एकामागून एक फर्माने निघून मुले सरकारी शाळांतून, शिक्षक आपल्या जागांवरून, अधिकारी सैन्यातून आणि कारकून कचेऱ्यांतून दूर झाले. ज्यू आणि इतर इटालियन यांच्यातील विवाहही निषिद्ध ठरला.

फॅसिझम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काळे सदरे, दंडुके आणि विरोधकांच्या घशात बळेच ओतलेले एरंडेल उभे राहते. ते खरेच आहे. जियाकोमो मत्तेओत्ती या समाजवादी प्रतिनिधीने १९२४ च्या मे महिन्यात लोकसभेत उभे राहून निवडणुकीतील जुलूम-जबरदस्तीचा पाढा वाचला, आणि अकरा दिवसांत, १० जून रोजी, रोमच्या भर वस्तीतून त्याला पळवून नेऊन मारण्यात आले. परंतु माझे मत असे आहे की त्या राजवटीचे खरे बळ दंडुक्यापेक्षा दफ्तरात अधिक होते. जे जे घडले त्या सर्वांची जबाबदारी १९२५ च्या जानेवारीत मुसोलिनीने भर सभागृहात स्वतःच्या शिरावर घेतली आणि त्यास कोणी काही करू शकले नाही, त्यानंतर मारेकऱ्यांची निकड फारशी उरली नाही. १९२६ च्या कायद्यांनी विरोधी पक्ष बुडाले, खास न्यायासन बसले, आणि कोणताही खटला न चालवता केवळ जिल्ह्याच्या समितीच्या हुकुमाने माणसाला पाच वर्षांपर्यंत एखाद्या बेटावर नेऊन ठेवण्याची सोय झाली. कम्युनिस्ट पुढारी अंतोनियो ग्राम्शीला शिक्षा ठोठावताना त्या न्यायासनाने हिशेब कसा काटेकोर ठेवला पाहा: वीस वर्षे, चार महिने, पाच दिवस.

दफ्तराच्या या राज्यात प्रतिकाराचा आरंभही पुष्कळदा कागदापाशीच झाला. १९३१ साली विद्यापीठांच्या सर्व प्राध्यापकांना राजाबरोबरच फॅसिस्ट राजवटीशीही निष्ठेची शपथ घेण्याचा हुकूम सुटला. सुमारे बाराशे प्राध्यापकांपैकी डझनभरांनी नकार दिला. त्यांत गणिती व्हितो व्होल्तेरा होता, प्राचीन इतिहासाचा पंडित गाएतानो दे सांक्तिस होता, आणि मिलान येथे तत्त्वज्ञान शिकवणारा पिएरो मार्तिनेत्ती होता. या मार्तिनेत्तीविषयी आपल्याकडे कोणी फारसे लिहीत नाही याचे मला वाईट वाटते, कारण तरुणपणी त्याने आपला पहिला ग्रंथ लिहिला तो आपल्या सांख्यदर्शनावर. प्रकृतीच्या घडामोडींत राहूनही तिच्याहून वेगळा असणारा, पाहणारा पुरुष ज्याने अभ्यासिला होता, त्याने मंत्र्याला पत्राने कळवले की आजवर आपण आपल्या सदसद्विवेकबुद्धीच्या आज्ञेनेच वागत आलो, तिच्याविरुद्ध जाणारी शपथ आपल्याला घेता येणार नाही. त्याची जागा गेली. पिएमाँतमधील कास्तेल्लामोंतेजवळच्या आपल्या घरी, शेताभातांच्या सान्निध्यात, लिहीत-वाचीत त्याने उरलेले आयुष्य काढले.

ज्यांनी सही केली त्यांना मी भित्रे म्हणणार नाही. तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचेसारख्या विरोधकानेच काहींना सल्ला दिला होता की जागा सोडाल तर तेथे सरकारचे भाट येऊन बसतील, तेव्हा राहा आणि विद्यार्थ्यांना सांभाळा. पोराबाळांचा संसार ज्याच्या गळ्यात आहे त्याच्या सहीचा निवाडा आपण आरामखुर्चीत बसून करू नये. तथापि त्या सहीने काय साधले याचा विचार टाळताही येत नाही. सातच वर्षांनी त्याच विद्यापीठांतून सुमारे शंभर ज्यू प्राध्यापक काढले गेले तेव्हा त्यांचे सहकारी गप्प राहिले, आणि रिकाम्या झालेल्या जागांसाठी अर्ज आले. एकदा झालेली सही दुसऱ्या मौनाची वाट सोपी करते.

१९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली आणि कागदाला बंदुकीची जोड मिळाली. इटालियन फॅसिझम जर्मन नाझींच्या मानाने सौम्य होता असे सांगणाऱ्यांनी इटलीने व्यापलेल्या स्लोव्हेनियातील लुब्लियाना शहराची हकीकत वाचावी. १९४२ च्या फेब्रुवारीत इटालियन सैन्याने त्या सबंध शहराला काटेरी तारांचा वेढा घातला, घरोघर झडत्या घेतल्या, आणि हजारो स्लोव्हेन माणसे धरून नेली. राब बेटावरील छावणीच्या तंबूंतून त्यांच्यापैकी कित्येक, लहान मुलांसह, उपासमारीने मेली.

१९४३ च्या जुलैत मुसोलिनी पडला, सप्टेंबरात इटलीने शस्त्रसंधी केली, जर्मनांनी अर्धा देश ताब्यात घेतला आणि मुसोलिनीला उत्तरेत पुन्हा गादीवर बसवले. १६ ऑक्टोबरच्या पहाटे जर्मनांनी रोममध्ये ज्यूंची धरपकड केली. हजाराहून अधिक माणसे आउश्विट्झला पाठवण्यात आली. परत आली ती सोळा. नेलेल्यांत दोनशेहून अधिक मुले होती, त्यांच्यातले एकही परतले नाही. आणि ३० नोव्हेंबर रोजी मुसोलिनीच्या नव्या सरकारच्या गृहखात्याने पोलीस आदेश क्रमांक ५ काढून सर्व ज्यूंना पकडावे व त्यांची मालमत्ता जप्त करावी असे फर्मावले. अंमलबजावणी इटालियन पोलिसांनी करायची होती, आणि कोणाकडे जायचे हे त्यांना शोधावे लागले नाही. १९३८ च्या नोंदवह्या कपाटात तयार होत्या.

आता अस्सीसीकडे या. संत फ्रान्सिसच्या त्या गावात लुइजी ब्रिझी नावाचा छापखानदार यात्रेकरूंना आठवणवस्तू विकी आणि दुकानातल्या यंत्रावर किरकोळ छपाई करी. बिशपच्या सांगण्यावरून मठांतून ज्यू लपवले जाऊ लागले तेव्हा या ब्रिझीने आणि त्याच्या मुलाने रात्री-अपरात्री खोटी ओळखपत्रे छापली. शिक्के कोणत्या गावांचे कोरायचे, यात त्यांची सारी हुशारी होती. दोस्त सैन्याने आधीच मुक्त केलेल्या दक्षिणेकडील गावांचे शिक्के त्यांनी निवडले, कारण तेथील दफ्तर तपासायला रोमच्या किंवा पेरुजियाच्या पोलिसाला युद्धआघाडी ओलांडावी लागली असती. नाव बदलले, जन्मगाव बदलले, आणि ज्या माणसाला नोंदवहीने मरणाच्या यादीत घातले होते तो त्या पत्राच्या आधाराने रस्त्यावरून चालू लागला. या अपराधाला पकडले गेल्यास शिक्षा काय, हे बापलेकांना ठाऊक होते.

अस्सीसी ज्या उंब्रिया प्रांतात आहे त्याच प्रांतात, अस्सीसीच्या उत्तरेस टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १९४४ च्या १० जुलै रोजी मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. त्यांच्या तुकडीतील बाकीचे सारे जण मशीनगनच्या माऱ्याने मेले किंवा जायबंदी झाले असता ते एकटेच पुढे धावले, हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, गोळ्या संपल्या तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले, आणि मग लपून बसलेल्या निशाणबाजांच्या गोळ्यांस बळी पडले. वय अवघे २२. त्यांच्या देशाचे पुढारी त्या वेळी अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या कैदेत होते. पारतंत्र्यातील सैनिकाने दुसऱ्याच्या मुक्तीसाठी प्राण द्यावा यातील वेदना मला आजही नीट मांडता येत नाही. मरणोत्तर त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातील माणगावच्या तहसील कचेरीत त्यांचा पुतळा आहे. तेथे उताऱ्यासाठी वा दाखल्यासाठी आपण जाल तेव्हा क्षणभर त्याच्यासमोर उभे राहा, आणि बरोबर मूल असेल तर हा शिपाई कोणत्या देशात आणि कोणत्या राजवटीविरुद्ध लढता लढता पडला, ते त्याला सांगा.