खाज, अंदाज आणि इलाज

ज्या प्राण्याला निसर्गाने इतरांचे भक्ष्य होण्यासाठीच जणू जन्माला घातले, त्याच्या अंगी स्वतःचे दुखणे लपविण्याची कला उपजतच असते. आणि असा प्राणी ज्या घरात हौसेने पाळला जातो, त्या घरात त्याचे हे लपविणेच उत्तम प्रकृतीचे लक्षण समजले जाते, ही मोठी विपरीत गोष्ट होय. गिनीपिग हा अशा प्राण्यांपैकी एक. कुत्र्याला सोसायटीची हरकत, मांजराचा आजीला तिटकारा, आणि मुलाचा हट्ट तर मोडवत नाही, अशा तडजोडीतून तो अलीकडे आपल्या शहरांतील सदनिकांत येऊन राहू लागला आहे. काही महिन्यांनी तो अंग खाजवू लागला, म्हणजे ‘त्याला तशी सवयच आहे’ असा निर्वाळा घरची मंडळी देतात. पाठीवरचे केस विरळ झाले, म्हणजे ‘हवा बदलली’ असे म्हणून समाधान करून घेतात. आणि कातडीवर खपल्या धरल्यावर मात्र हाताला लागेल तो इलाज मोठ्या तातडीने सुरू करतात. गिनीपिगाच्या त्वचेवरील परजीवी हे बहुतेक वेळा हटविता येण्याजोगे असतात. त्या प्राण्याचे जे हाल होतात, ते परजीवींच्या सामर्थ्यापेक्षा आपल्या अंदाजपंचे कारभारामुळेच अधिक होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

या प्राण्याशी मनुष्याचा संबंध आजकालचा नव्हे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशात तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळला, तो मांसासाठी. पेरू देशात तो आजही आवडीने खाल्ला जातो. सोळाव्या शतकात तो युरोपात गेला, तेथे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात बागडला आणि पुढे प्रयोगशाळेत स्थिरावला. आपल्या मुंबईवर तर त्याचे विशेष उपकार आहेत. १८९६ साली या शहरात प्लेग उद्भवला आणि तो पसरतो कसा याविषयी कित्येक वर्षे तर्ककुतर्क चालले. १९०५ साली नेमलेल्या प्लेग-संशोधन मंडळाने परळच्या प्रयोगशाळेतून काम आरंभिले, तेव्हा प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग मोकळे सोडण्यात आले. उंदीर मेल्यामुळे निराश्रित झालेल्या पिसवा त्यांच्या अंगावर गोळा होत आणि तेथून त्या वेचून तपासल्या जात. पिंजरे जमिनीवर ठेवले असता गिनीपिग प्लेगने मरत. तेच पिंजरे पिसवेची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगले असता वाचत. उंदरापासून रोग वाहून आणणारी ती पिसूच, हे मुंबईत असे पक्के ठरले. त्वचेवरील परजीवींविषयीचे इतके मोलाचे ज्ञान ज्या प्राण्याचा बळी देऊन मिळविले, त्याच्याच वंशजाच्या त्वचेवर काय चालले आहे हे पाहण्यासाठी आपण साधे भिंग हाती घेऊ नये, याला हयगय हा शब्दही सौम्यच म्हणावा लागेल.

आता प्रत्यक्ष विषयाकडे वळू. गिनीपिगाच्या अंगावर राहणाऱ्या परजीवींचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात: कातडीवर आणि केसांत वावरणारे, आणि कातडीच्या आत घर करणारे. पहिल्या वर्गात उवा आणि केसांवरील बारीक माइट येतात. उवा पिवळसर पांढऱ्या, लांबट आणि जेमतेम मिलिमीटरभर लांब असतात. दिवसाच्या चांगल्या उजेडात कानांच्या मागचे आणि मानेवरचे केस फुंकून बाजूला सारले, तर त्या कातडीलगत सरसर पळताना नुसत्या डोळ्यांनी दिसतात, आणि त्यांच्या लिखा केसाला चिकटलेल्या आढळतात. पारदर्शक चिकटपट्टी केसांवर दाबून उचलली आणि भिंगाखाली धरली, तरी ओळख पटते. या उवा गिनीपिगाच्याच असतात, त्या माणसाच्या डोक्यात वस्ती करीत नाहीत. म्हणून मुलांच्या आयांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. केसांवरचे माइट तर पुष्कळदा काहीच त्रास देत नाहीत, आणि त्यांची संख्या बेसुमार वाढेपर्यंत त्यांचे अस्तित्वही ध्यानात येत नाही. घरात कुत्रे वा मांजर असेल, तर त्यांच्या पिसवाही कधीकधी या बिऱ्हाडात पाहुण्या येतात.

दुसऱ्या वर्गातील शत्रू मात्र निराळ्या जातीचा. ट्रिक्साकॅरस नावाचा हा माइट माणसाच्या खरजेच्या किड्याचा जवळचा भाऊबंद; तो कातडीत बिळे करतो, तेथेच अंडी घालतो, आणि दोन आठवड्यांच्या आतबाहेर त्याची नवी पिढी तयार होते. तो डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते त्याचे कर्तृत्व. पाठीचा मागचा भाग, मांड्या, खांदे आणि मान येथील केस झडतात, कातडी जाड आणि पिवळट होते, कोंडा सुटतो, खपल्या धरतात, आणि खाजवून खाजवून रक्त निघते. या खाजेची तीव्रता ज्याने पाहिली नाही त्याला ती सांगून पटणार नाही. पाठीवरून नुसता हात फिरविला, तरी तो लहानसा जीव मान मागे टाकून, मागचे पाय हवेत वेड्यासारखे झाडीत आडवा पडतो. पाहणाऱ्याला वाटावे की फेफऱ्याचा झटका आला, आणि रोग बळावलेला असेल तर खरोखरच तसे झटके येतात. अशा वेळी प्राणी खाणे सोडतो, त्याचे वजन उतरते, आणि इलाज न झाल्यास तो दगावतोही. त्याला हाताळणाऱ्या माणसाच्या हातांवर खाजरे पुरळ उठू शकते. मात्र हा किडा माणसाच्या अंगावर वाढत नसल्यामुळे प्राणी बरा झाला की ते पुरळही मावळते.

यातील लबाडी अशी की, हा किडा अंगावर अल्प संख्येने असूनही प्राणी बाहेरून निरोगी दिसू शकतो. आणि गर्भारपण, म्हातारपण, प्रवास, गर्दी किंवा निकृष्ट आहार यांनी शरीराची प्रतिकारशक्ती खचली की तो उचल खातो. म्हणूनच ‘आम्ही तर नवा प्राणी आणलाच नाही’ ही कैफियत पुराव्यात टिकत नाही. आहाराचा येथे विशेष संबंध आहे. माणसाप्रमाणेच गिनीपिगालाही आपल्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. १९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी स्कर्व्ही रोगाचा छडा लावला, तो याच प्राण्यावर. नुसत्या कोरड्या दाण्यांवर ठेवलेला गिनीपिग या जीवनसत्त्वावाचून आतून खंगतो, आणि खंगलेल्या शरीरावर परजीवींचे राज्य लवकर बसते. रोजच्या गवताबरोबर थोडी ढोबळी मिरची, कोथिंबीर किंवा पेरूची फोड देणे हा औषधाला पर्याय नव्हे, परंतु औषधाचा आधार खचितच आहे.

केस गेले म्हणजे खरूजच, असेही मानू नये. नाक, डोळे आणि कान यांच्याभोवती गोल चकत्या पडून कोंडा सुटत असेल, तर तो किड्याचा नव्हे, बुरशीचा, म्हणजे गजकर्णाचा उपद्रव असण्याचा संभव अधिक. त्याचे औषध वेगळे, आणि तो माणसांना, विशेषतः मुलांना, सहज लागतो. मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारख्याच प्रमाणात जात असतील आणि खाज मुळीच नसेल, तर शंका अंडाशयातील पाणगाठींची घ्यावी लागते. ही पारख घरबसल्या करता येत नाही. पशुवैद्य बोथट पात्याने खपलीच्या कडेची कातडी हलकेच खरवडतो, ते खरवडलेले काचपट्टीवर तेलाच्या थेंबात पसरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो; तेथे आखूड पायांचा, वाटोळा किडा दिसला, म्हणजे गुन्हेगार रंगेहाथ पकडला गेला. तो दिसला नाही, तरी मात्र त्याला निर्दोष सोडता येत नाही, कारण खोल गेलेला किडा खरवडण्यात येतोच असे नाही. म्हणून लक्षणे बोलकी असतील, तर जाणता वैद्य उपचार सुरू करून परिणामावरून खातरजमा करतो. यालाही तर्कच म्हणावे लागेल. परंतु तो अभ्यासाने केलेला, लेखी नोंदलेला आणि चूक ठरल्यास मागे घेतला जाणारा तर्क आहे.

आमच्या घरगुती अंदाजाची जात याहून निराळी. कोणी खोबरेल तेल चोपडतो, कोणी कडुनिंबाचा काढा ओततो, कोणी फिनेलच्या पाण्याने अंघोळ घालतो, आणि कोणी कुत्र्याच्या गोचिडांची पावडर चिमटीने भुरभुरतो. हा प्राणी आपले अंग चाटून साफ करीत असल्यामुळे, जे अंगावर ते पोटात, एवढे तरी ध्यानात ठेवावयास हवे. सर्वांत घातक प्रकार म्हणजे जनावरांच्या आयव्हरमेक्टिनची बाटली आणून तिच्यातील ‘एक थेंब’ देणे. हे औषध उत्तमच आहे. जपानच्या मातीतील जिवाणूपासून त्याचा माग लावणाऱ्या ओमुरा आणि कॅम्बेल या शास्त्रज्ञांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते उगाच नव्हे. परंतु गायीसाठी बनविलेल्या एक टक्क्याच्या इंजेक्शनात प्रत्येक मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असते, आणि एक मिलिलिटर ही ५० किलो वजनाची मात्रा होय. गिनीपिगाला किलोमागे ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम देण्याचा प्रघात आहे. ८०० ग्रॅमच्या प्राण्यासाठी खालच्या प्रमाणाने हिशेब केला, तर ०.०१६ मिलिलिटर येते. इन्सुलिनच्या चाळीस युनिटांच्या सिरिंजवरील एका रेघेपेक्षाही हे कमी भरते, आणि साधारण थेंब याच्या तिप्पट असतो. वैद्य प्राण्याला तराजूवर ठेवतो, औषध योग्य द्रावकात पातळ करतो आणि मगच सुई उचलतो, किंवा मानेवर सोडण्याचे सेलामेक्टिनसारखे औषध निवडतो; थेंबावर भिस्त ठेवणारा मात्र प्राण्याच्या जिवाशी जुगार खेळतो.

मात्रेइतकेच मुदतीचेही महत्त्व आहे. आयव्हरमेक्टिनने किडे मरतात, अंडी मरत नाहीत. ती फुटून निघालेली पिढी गाठण्यासाठी आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने औषध पुन्हा, बहुधा तीन वेळा, द्यावे लागते. पहिल्या सुईनंतर खाज कमी झाली की ‘आता बरा झाला’ म्हणून मालक फिरकत नाही, आणि महिन्याभराने तोच रोग पुन्हा दारात उभा राहतो. मग दोष मात्र औषधाला. एकाच पिंजऱ्यात नांदणाऱ्या सर्व प्राण्यांना, ते खाजवोत वा न खाजवोत, एकाच वेळी उपचार हवेत. अंथरूण टाकून द्यावे, पिंजरा गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा, लाकडी घरकुल असेल तर ते खुशाल मोडीत काढावे. खाजवून झालेल्या जखमा चिघळल्या, तर घरात उरलेली अमोक्सिसिलिनची गोळी कुटून देण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. पेनिसिलिनच्या जातीची औषधे पोटात गेल्यास या प्राण्याच्या आतड्यातील उपयुक्त जंतूंचा नाश होऊन तो प्राणास मुकू शकतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: काही शे रुपयांच्या प्राण्यासाठी हजारांचा दवाखाना करावयाचा काय? आक्षेप वरवर व्यवहारी दिसतो. पण त्यात खरेदीची किंमत आणि दुखण्याचे मोल या दोन वेगळ्या रकमा एकाच खात्यात मांडलेल्या आहेत. प्राणी स्वस्त आहे म्हणून त्याची खाज कमी होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लहान गावांतील पशुवैद्याचा सारा सराव गायी-म्हशींचा, गिनीपिग त्याने क्वचितच हाताळलेला. हे खरे आहे. पण खरवडण्याचे पाते, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक ही सामग्री गायीच्या खरजेलाही तीच लागते. तेव्हा महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या दवाखान्यांत ती चालू स्थितीत असावी, अशी मागणी करणे हे केवळ हौशी मंडळींचे लाड पुरविणे नव्हे.

विक्रेत्यांनाही या जबाबदारीतून मोकळे सोडता येणार नाही. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. पण गिऱ्हाईकाने नोंदणीचा दाखला मागितल्याचे सहसा ऐकिवात येत नाही, आणि जे मागितले जात नाही ते दाखविण्याची तसदी दुकानदार का घेईल? दाखला पाहावा, कानामागचे केस उजेडात फुंकून पाहावेत, आणि नवा प्राणी घरातील जुन्यापासून दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा. याला पैसा लागत नाही, सवड मात्र लागते.

नीट सांभाळलेला गिनीपिग पाच ते आठ वर्षे जगतो. तेवढ्या मुदतीत त्याला दर आठवड्याला तोलणे, त्याची कातडी पाहणे आणि प्रसंगी वैद्याकडे नेणे ज्यांना जमणार नाही, त्यांनी मुलाचा हट्ट खुशाल मोडावा. मुलाचे रडणे दोन दिवसांत आपोआप थांबते. खरूज तशी थांबत नाही.