चुंबकाची मात्रा

पेट्रोलच्या नळीला दोन चुंबक बांधले की इंधनाचे रेणू सुटे होतात, ते अधिक चांगले जळतात आणि इंधनाची शेकडा २५ बचत होते, अशा थाटाच्या जाहिराती आज कोणाच्याही मोबाइलवर येऊन थडकतात. कोठे चुंबकाऐवजी हवेला भोवरा देणारे पाते असते, कोठे टाकीत टाकायची गोळी, तर कोठे दिवा लुकलुकणारी डबी. माल निराळा, थाप एकच.

या थापेचे गणित मांडून पाहावे. सुस्थितीतील आधुनिक इंजिनात शिरलेल्या इंधनापैकी शेकडा ९८ हून अधिक भाग जळतोच. मग ‘पूर्ण ज्वलना’तून शेकडा २५ बचत येणार कोठून? उरलेल्या दोनातून? पेट्रोलमधील बहुतांश ऊर्जा वाया जाते हे खरे. परंतु ती न जळलेल्या पेट्रोलच्या रूपाने नव्हे, तर धुराड्यातून व रेडिएटरमधून उष्णतेच्या रूपाने जाते. नळीवरच्या चुंबकाचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. पाण्यातून हायड्रोजन काढून तो इंजिनाला पाजणारे यंत्र तर त्याहून अजब! पाण्याच्या विघटनाला लागणारी वीज त्याच इंजिनाने फिरवलेल्या जनित्रातून येते, आणि हायड्रोजन जाळून परत मिळणारी ऊर्जा त्या खर्चाहून कमीच भरते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा शंभराहून अधिक उपकरणांची छाननी केली. लक्षणीय बचत करणारे एकही आढळले नाही. अगदी थोड्यांनी किरकोळ फरक दाखवला. ट्रकच्या टपावरचा वारा वळवणारा पत्रा किंवा कमी घर्षणाचे टायर यांचा लाभ खरा आहे, पण तेथे चमत्काराचा दावा नसतो.

“पण आमच्या गाडीला फरक पडला”, असे सांगणारे प्रामाणिक लोक भेटतात. फरक पडतही असेल. पैसे मोजून उपकरण बसवले की माणूस ॲक्सिलरेटर जपून पिळतो. बसवणारा मेकॅनिक त्याच खेपेस प्लग साफ करतो, टायरमध्ये हवा भरतो. श्रेय मात्र चुंबकाला!

गिऱ्हाईकाने शहाणे व्हावे, असे मुक्त बाजाराचे पंडित यावर म्हणतील. घरोघर जेवणाचे डबे पोचवणाऱ्या दुचाकीस्वाराने शहाणे व्हायचे म्हणजे काय करायचे? खरी चाचणी एकाच गाडीवर, ठरावीक वेगक्रमाने, प्रयोगशाळेतील रुळांवर होते. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनकडे ती सोय आहे, दुचाकीस्वाराकडे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये फसव्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो खरा, पण तो माल खपून गेल्यावर. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला विक्रीपूर्वीच का मागू नये? सिद्ध करण्याचा भार विकणाऱ्यावर असला पाहिजे.

या मालाला गिऱ्हाईक मिळते ते मूर्खपणामुळे नव्हे, नडीमुळे. पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले. २०१७ पासून ते रोज ठरू लागले. दरवाढीचा भार मालवाहू टेम्पोवाल्याला भाड्यात सहजी चढवता येत नाही. कंपनीच्या ॲपवर राबणारा दुचाकीस्वार तर कागदोपत्री ‘भागीदार’. पेट्रोल त्याच्या खिशातले, गाडी त्याची, दर कंपनीचा.

बचतीचे खरे उपाय पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था वर्षानुवर्षे फुकट सांगत आली आहे: टायरमधील हवा तपासा, एअर फिल्टर स्वच्छ ठेवा, सिग्नलला इंजिन बंद करा, ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या एकसारख्या वेगाने चालवा. ठरल्या मिनिटांत डबा न पोचल्यास ज्याचे गुण कापले जातात, त्याने यातला शेवटचा सल्ला कसा पाळायचा? कामगार संघटनांनी चुंबकवाल्याला जाब विचारावाच. परंतु प्रत्येक फेरीमागे इंधनभत्ता आणि डबा पोचवण्यास पुरेसा अवधी, या मागण्या घेऊन त्यांनी कंपनीच्या दारातही उभे राहिले पाहिजे.