चार्जरच्या डब्यात मराठी कागद हवा

गोंदिया जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावर एखादा छोटा स्पीकर वाजत असतो. त्यात पेन ड्राइव्ह किंवा नखाएवढं मेमरी कार्ड खोचलेलं, आणि कार्डात भीमगीतं, पोवारी लग्नगीतं, झाडीपट्टीच्या नाटकांतली गाणी, जुनी हिंदी गाणी असं सगळं एकत्र. दिवसभर वाजून संध्याकाळी तो घरी येतो आणि हाताला लागेल त्या चार्जरवर चढतो. गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरसारख्या गावात, जिथे अर्धं जगणं शहराचं आणि अर्धं शेतीचं आहे, तिथे अशा वस्तूचं कुणाला अप्रूप उरलेलं नाही. अप्रूप वाटावं ते त्याच्या डब्यातल्या कागदाचं. एक तर तो मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत असतो, नाही तर चिनी लिपीत, नाही तर डब्यात नसतोच.

हा कागद मराठीत असावा, आणि त्यात ‘हे करू नका’ एवढंच न सांगता ‘का करू नका’ तेही सांगावं, ही मागणी क्षुल्लक वाटू शकते. आकडे आणि घटना पाहिल्या की ती तशी राहत नाही.

या स्वस्त रेडिओ-स्पीकरांपैकी अनेकांच्या पोटात जी बॅटरी बसते, तिची मापं एका जुन्या ओळखीच्या बॅटरीची आहेत: नोकियाची बीएल-5सी. 14 ऑगस्ट 2007 रोजी नोकियाने जगभर इशारा दिला की जपानच्या मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या या जातीच्या 4 कोटी 60 लाख बॅटऱ्या चार्ज होताना आत शॉर्ट होऊन तापू शकतात. तोवर अशा सुमारे शंभर घटना नोंदल्या गेल्या होत्या. भारतात त्या काळी नोकिया घराघरांत होता. लोकांनी मोबाईलची झाकणं उघडून बॅटरीवरचे क्रमांक जुळवायला सुरुवात केली आणि सेवा केंद्रांपुढे झुंबड उडाली. ते मोबाईल गेले, पण बॅटरीचं माप टिकलं. आज त्या मापाच्या कुणीही बनवलेल्या बॅटऱ्या स्पीकरमध्ये बसतात. त्यातली एखादी दगा देऊ लागली, तर ती परत बोलावणारं कुणी नसतं.

गाणी ऐकण्याच्या नामवंत यंत्रांचंही असंच झालं. ॲपलने सप्टेंबर 2005 ते डिसेंबर 2006 या काळात विकलेला पहिल्या पिढीचा आयपॉड नॅनो नोव्हेंबर 2011 मध्ये बदलून द्यायला घेतला. एकाच पुरवठादाराच्या बॅटऱ्यांत दोष होता, आणि बॅटरी जुनी होत जाईल तसा तापण्याचा धोका वाढतो, असं कंपनीनेच सांगितलं. ‘पाच वर्षं काही झालं नाही, आता काय होणार’ हा युक्तिवाद इथे उलटा पडतो. फेब्रुवारी 2017 मध्ये बीजिंगहून मेलबर्नला निघालेल्या विमानात एका झोपलेल्या प्रवासी स्त्रीच्या कानांवरच्या बॅटरीवाल्या हेडफोनचा स्फोट झाला. तिने तो ओढून खाली टाकला, तेव्हा त्यातून ठिणग्या आणि ज्वाळा निघत होत्या. विमानातल्या कर्मचाऱ्यांनी बादलीभर पाणी ओतून तो विझवला.

घराजवळचं उदाहरण त्याहून जास्त दुखरं आहे. सप्टेंबर 2022 मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दगावला. स्कूटरची बॅटरी स्पीकरच्या बॅटरीपेक्षा शेकडो पट मोठी असते, त्यामुळे दोन्हींचा धोका एका तराजूत तोलता येणार नाही. पण आतली जात एकच, लिथियम-आयन. तापली, चेपली, भोसकली किंवा प्रमाणाबाहेर भरली गेली की तिच्यात सुरू झालेली उष्णता स्वतःच स्वतःला वाढवत नेते.

म्हणून घाबरून स्पीकर अडगळीत टाकावा असं नाही. 4 कोटी 60 लाखांत शंभर हे प्रमाण फार छोटं आहे. काळजी मात्र फुकट आहे, आणि ती घ्यायची तर कारण कळायला हवं. चुकीच्या कारणाने भलत्याच गोष्टीची भीती बसते आणि खरी धोक्याची गोष्ट सुटून जाते.

नेमकं तेच ‘फास्ट चार्जर’बाबत घडतं. मोठ्या मोबाईलचा 65 वॅटचा चार्जर छोट्या स्पीकरला लावला तर तो जळेल, अशी समजूत सर्रास आहे. वास्तविक चांगला चार्जर सुरुवातीला 5 व्होल्टच देतो. समोरच्या उपकरणाने ठरलेल्या पद्धतीने जास्त मागितलं तरच तो व्होल्ट वाढवतो. साधा स्पीकर असं काही मागत नाही, त्याला हवा तेवढाच करंट ओढतो. खरा धोका गोल पिनच्या जुन्या ॲडॅप्टरांत आहे. वायफायच्या डब्याचा 12 व्होल्टचा, डीव्हीडी प्लेअरचा 9 व्होल्टचा आणि स्पीकरचा 5 व्होल्टचा, तिघांची पिन कित्येकदा सारखीच असते. पिन बसली म्हणजे चार्जर चालतो, हा हिशेब तिथे महागात पडतो. ॲडॅप्टरच्या पाठीवर ‘आउटपुट’पुढे छापलेले व्होल्ट वाचायला पाच सेकंद लागतात.

सी-टाइपमुळे हा घोळ संपायला हवा होता. भारतीय मानक ब्यूरोने त्यासाठीचं भारतीय मानक 2022 मध्ये आणलं, आणि युरोपीय संघात 28 डिसेंबर 2024 पासून हेडफोन आणि छोट्या स्पीकरांनाही सी-टाइप सक्तीचं झालं. तरी बाजारातले काही स्वस्त स्पीकर दोन्ही टोकांना सी-टाइप असलेल्या वायरीवर चार्ज होत नाहीत, जुन्या चपट्या टोकाच्या वायरीवर होतात. ग्राहकाला वाटतं वायर खराब. प्रत्यक्षात बनवणाऱ्याने आतले दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात. ते नसले की नवा चार्जर समोर कुणी आहे हे ओळखतच नाही.

चार्जरची मुख्य जबाबदारी आहे ती 230 व्होल्ट आणि 5 व्होल्ट यांच्यात भिंत राखायची. चांगल्या चार्जरमध्ये दोन्ही बाजूंमध्ये काही मिलिमीटरचं अंतर आणि नीट इन्सुलेशन असतं. नकली चार्जरमध्ये ते अंतर खाल्लं जातं. 2013 मध्ये चीनमध्ये चार्जिंगला लावलेला मोबाईल वापरताना एका तरुणीचा मृत्यू झाल्याच्या बातमीनंतर ॲपलने त्या ऑगस्टमध्ये लोकांकडचे परके चार्जर परत घेऊन स्वतःचे सवलतीत देण्याची योजना काढली. ही भिंत फुटली तर घरातली वीज वायरीच्या टोकापर्यंत येते. ते टोक स्पीकरात असेल तर स्पीकर जळतो, आणि त्याच यंत्राला लावलेला हेडफोन कानात असेल तर गोष्ट जिवावर बेतते. चार्जिंग चालू असताना वायरवाला हेडफोन कानात घालू नये, याचं कारण एवढंच आणि ते पुरेसं आहे. बॅटरी काढून चिमट्यात धरणाऱ्या जुन्या चार्जरबाबत तर दुपटीने सावध राहावं.

बोर्डाचं बटण बंद असताना चार्जर खोचावा, वायर यंत्राला लावावी आणि मग बटण दाबावं. काढताना उलट्या क्रमाने. चालू बोर्डात चार्जर खोचला की होणारी ‘चट्’ ही ठिणगी चार्जरच्या आतला कपॅसिटर एकदम भरल्याने पडते आणि बोर्डातले संपर्क हळूहळू खाते. उन्हाळ्यात कूलरचं पाणी भरून आलेला ओला हात हेही बटण आधी बंद करण्याचं कारण.

विदर्भासाठी कागदात आणखी एक ओळ हवीच, आणि ती चीनमधल्या शेन्झेनला सुचणार नाही. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करण्याची मर्यादा साधारण 0 ते 45 अंश सेल्सिअस धरली जाते. नवतप्यात इथलं बाहेरचं तापमानच 45 च्या आसपास जातं. टिनाच्या छपराखाली, खिडकीतल्या उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ते त्याहून वर असतं, शिवाय चार्ज होताना बॅटरी स्वतः तापते ती वेगळीच. मे महिन्यात चार्जिंग दुपारी न करता पहाटे किंवा रात्री उशिरा, फरशीवर, गादी-उशीपासून लांब करावं. जून लागला की वीज कडाडण्याचे दिवस येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळच्या विजांचा इशारा देतं. तो आला की चार्जर बोर्डातून काढून ठेवणंच बरं, कारण नुसतं बटण बंद केल्याने वीज पडल्यावर तारेतून येणाऱ्या दाबापासून बचाव होत नाही. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर टाचणीने हवा काढायचा प्रयोग कुणी करू नये. ती हवा नसते, पेट घेणारा वायू असतो.

लावणं आणि भरणं झालं, राहिलं काढणं. तिथे जीव जात नाही, गाणी जातात. दुकानातून भरून आणलेलं कार्ड घरी कॉम्प्युटरला लावायचं, चार गाणी टाकायची आणि कॉपी होण्याची पट्टी संपायच्या आत ओढायचं, मग ‘कार्ड करप्ट झालं, फॉरमॅट मारावं लागेल’ हे ऐकायचं. कार्डावर कोणतं गाणं कुठे ठेवलंय याचा एक तक्ता असतो. कॉम्प्युटर तो लिहीत असताना कार्ड निघालं तर तक्ता अर्धवट राहतो, मग गाणी आत असूनही सापडत नाहीत. शिवाय कॉम्प्युटर कित्येकदा पट्टी संपल्याचं दाखवूनही मागे लिहीत राहतो. 2018 अखेरच्या विंडोज 10 च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ही सवय मूळ मांडणीत बंद केली, म्हणून नव्या कॉम्प्युटरवर घाई कधी कधी खपून जाते. गावातल्या दुकानांत आणि शाळांत चालणाऱ्या जुन्या यंत्रांवर ती खपत नाही. ‘इजेक्ट’ दाबून थांबायचं ते यासाठी. वायर धरून ओढण्याबद्दल एवढंच की मायक्रो-यूएसबी जोडणी 10,000 वेळा लावण्या-काढण्याला टिकेल अशी आखलेली आहे, आणि झीज यंत्रातल्या खाचेत न होता वायरीच्या टोकात व्हावी अशीच तिची रचना आहे. सैल झाली तर आधी वायर बदलून पाहावी. वाकडं ओढलं तर मात्र खाचेचा टाका उखडतो आणि दुरुस्तीचा खर्च स्पीकरच्या किमतीला भिडतो.

आता प्रश्न कायद्याचा. वेष्टनावरचा मजकूर देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत असला की 2011 च्या वैधमापन नियमांचं समाधान होतं, मराठी ऐच्छिक. चार्जर आणि लिथियम बॅटरीला ब्यूरोची सक्तीची नोंदणी लागते आणि त्यावर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो, पण तो कशासाठी आहे हे ग्राहकाला त्याच्या भाषेत कुणी सांगत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र वापराच्या पुरेशा सूचना न दिल्यास उत्पादक जबाबदार धरला जातो. ज्या गिऱ्हाइकाला इंग्रजी वाचता येत नाही, त्याला दिलेल्या इंग्रजी सूचना ‘पुरेशा’ कशा ठरतात? ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाने चार्जरच्या डब्यापर्यंत यायला हरकत नसावी.

हे अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांनी कृषी केंद्रात डोकवावं. धानावर तुडतुड्यासाठी जे औषध मिळतं, त्याच्या बाटलीसोबतच्या पत्रकात हिंदी-इंग्रजीसोबत त्या भागातल्या भाषाही असाव्यात, असं 1971 चे कीटकनाशक नियम सांगतात. विषारीपणा दाखवणारा रंगीत चौकोन अक्षर न वाचताही कळतो. म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत छापणं सरकारला आणि कंपन्यांना पन्नास वर्षांपासून जमतं आहे.

पण तेच उदाहरण कागदाची मर्यादाही दाखवतं. पत्रकं असूनही 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. छापील ओळ हातापर्यंत पोचवायला कुणीतरी समोर उभं राहून दाखवावं लागतं. फुलचूरमध्ये शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. वायरी, मल्टिमीटर आणि शिकणारी मुलं यांची अशा संस्थेत वाण नसते. उन्हाळा सुरू होण्याआधी एका शनिवारी लोकांनी आपापले चार्जर घेऊन यावेत, विद्यार्थ्यांनी व्होल्ट मोजून दाखवावेत, ‘आर’ क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासून द्यावा आणि फुगलेल्या बॅटऱ्या वेगळ्या काढून ई-कचऱ्यासाठी गोळा कराव्यात. ग्रामपंचायतीने त्यासाठी मंडप आणि दवंडी एवढं पाहिलं तरी पुरे.

कंपन्यांकडे मागायचं ते याहून सोपं आहे: पाठपोट छापलेला एक कागद. पुढच्या बाजूला चित्रांसह लावणं, भरणं, काढणं आणि प्रत्येकाचं एका ओळीत कारण. मागच्या बाजूला व्होल्ट, 45 अंशांची मर्यादा, ‘आर’ क्रमांक कसा तपासायचा ते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक ठळक अक्षरांत.